कच्चे दूध थेट गोठ्यातून : ग्राहक सहकारी संस्थेच्या प्रकल्प नोंदी (मावळ, २०२४)

१३ जानेवारी

आवाका ठरला. तळेगाव दाभाडे परिसरातली ६० कुटुंबे, रोजची मागणी सुमारे ११० लिटर, सगळे गाईचे दूध. म्हशीचे सध्या घ्यायचे नाही. म्हशीची फॅट सहापासून आठच्याही पुढे जाते आणि वेताच्या दिवसांप्रमाणे हलत राहते. त्यामुळे भावाचा तक्ता लांबतो आणि वाद वाढतात. गाईचा हिशेब सहा महिने नीट चालला की म्हशीचा विचार.

दूध फक्त सकाळच्या धारेचे घ्यायचे, संध्याकाळचे शेतकऱ्याने पूर्वीसारखेच गावच्या डेअरीला घालायचे. हा निर्णय सगळ्यात महत्त्वाचा. गोठेवाल्याचे डेअरीतले खाते चालू राहिले पाहिजे, नाहीतर आपली मागणी घटेल त्या दिवशी त्याला दूध ओतायला जागा उरत नाही. शहरातले लोक दूध चांगले मिळते का, एवढेच विचारतात. गोठेवाला विचारतो, ‘रोज उचलणार का?’ दोन्हींची उत्तरे असल्याशिवाय अशी संस्था टिकत नाही.

कच्चे म्हणजे न तापवलेले, न एकजीव केलेले दूध. ते घरी नेऊन पूर्ण उकळायचे, हा सदस्यत्वाच्या अर्जातच लिहिलेला नियम. ब्रुसेला आणि गाईचा क्षय हे दोन्ही न तापवलेल्या दुधातून माणसाला होतात. ‘कच्चे दूध प्यायला चांगले’ म्हणून येणाऱ्यांना सदस्य करून घ्यायचे नाही.

३ फेब्रुवारी

गोठ्यांची पाहणी. इंदोरी, आंबी, नवलाख उंबरे, जांबवडे या पट्ट्यातले, बारा किलोमीटरच्या आतले गोठे पाहिले. चार निवडले. प्रत्येकाकडे ६ ते १४ जनावरे, बहुतेक एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित, थोड्या जर्सी.

काय पाहिले :

– प्रत्येक गाईच्या कानात बारा आकडी बिल्ला आहे का. तो नसेल तर लसीकरणाची नोंदही सापडत नाही.
– कालवडींना ४ ते ८ महिन्यांच्या वयात ब्रुसेलाची लस दिली आहे का. ही लस आयुष्यात एकदाच. मोठ्या गाईंच्या रक्ताची तपासणी पशुवैद्यकाकडून करून घ्यायची, क्षयाची चाचणीही त्याच फेरीत.
– कासेला हात लावून. एक सड गरम किंवा कडक लागला, तर दगडीची (कासदाहाची) शंका. प्रत्येक सडाची पहिली धार काळ्या कापडावर घ्यायची. गुठळ्या लगेच दिसतात.
– पाणी कुठले. भांडी विहिरीच्या पाण्याने धुतली जात असतील तर त्या पाण्याची तपासणी.
– गोठ्याचा उतार. मूत वाहून जाते की गाईच्या बसण्याच्या जागी साचते.
– चारा. हा मुद्दा मावळात वेगळा आहे. इथे भाताचा पेंढा मुबलक, पण त्यात प्रथिने आणि ऊर्जा कमी. कडबा देशावरून येतो, वाहतुकीने महागतो. जिथे मुरघास (खड्ड्यात हवाबंद मुरवलेला हिरवा चारा) किंवा हत्तीगवत आहे, तिथे एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक) स्थिर राहण्याची शक्यता जास्त. चारपैकी दोघांकडे मुरघासाचे खड्डे आहेत.

पाचवा गोठा सर्वांत स्वच्छ होता, पण तिथे सगळ्या गाई एकाच महिन्यात व्यायलेल्या. सहा-सात महिन्यांनी त्या एकदमच आटतील. आपल्याला बारमाही रतीब हवा, म्हणून वेत मागेपुढे असलेला गोठाच बरा.

१७ फेब्रुवारी

नोंदणी. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली ग्राहक संस्था म्हणून अर्ज. दूध उत्पादक संस्था म्हणून नाही, कारण सदस्य दूध घेणारे आहेत, घालणारे नाहीत. हा फरक सुरुवातीलाच पक्का करावा. उत्पादक संस्थांचे काम दुग्ध विभागाच्या निबंधकांकडे चालते, ग्राहक संस्थेचे तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे.

लागते ते : वेगवेगळ्या कुटुंबांतले किमान १० प्रवर्तक, मुख्य प्रवर्तकाच्या निवडीचा ठराव, नाव राखून घेणे, प्रस्तावित संस्थेच्या नावे बँकेत खाते, नमुना ‘अ’ मधला अर्ज, उपविधींच्या चार प्रती. निर्णयासाठी कायद्यात दोन महिन्यांची मुदत आहे, त्यामुळे दुधाची सुरुवात मे महिन्यात धरली. तोवर एक लिटरही विकायचे नाही, फक्त नमुने तपासायचे.

भाग १,००० रुपयांचा, प्रत्येक कुटुंबाला एक. जमा ६०,०००. उपकरणे त्यातून.

अन्नसुरक्षेची नोंदणी वेगळी. दिवसाला ५०० लिटरपर्यंत दूध हाताळणाऱ्याला परवाना लागत नाही, साधी नोंदणी पुरते, शुल्क वर्षाला १०० रुपये. इथे एक बारकावा बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. सहकारी दूध संस्थेचा सभासद असलेला आणि सगळे दूध तिथेच घालणारा शेतकरी या नोंदणीतून मुक्त असतो. आपल्याला सकाळचे दूध विकले की त्याचे ‘सगळे दूध’ तिथे जात नाही. म्हणून चारही गोठ्यांच्या वेगळ्या नोंदण्या करायच्या आणि त्यांचे शुल्क संस्थेने भरायचे.

९ मार्च

तपासणीचे टेबल मांडले. फॅट काढायला गर्बर पद्धत, मिल्क ॲनालायझर नाही. यंत्र अर्ध्या मिनिटात आकडा देते, पण दुधात हवेचे बुडबुडे असले, दूध थंड असले किंवा नळी नीट धुतली नसली तर तोच आकडा चुकतो आणि चुकल्याचे कळत नाही. गर्बरमध्ये बिघाड डोळ्याला दिसतो.

क्रम : ब्युटायरोमीटरमध्ये (फॅट मोजायची आखीव काचनळी) १० मिली गंधकाम्ल (विशिष्ट गुरुत्व १.८१ च्या आसपास), त्यावर कडेने सावकाश १०.७५ मिली दूध, मग १ मिली अमाइल अल्कोहोल. बूच लावून उलटसुलट हलवायचे, नळी हाताला चटका बसेल इतकी तापते, म्हणून कापडात धरायची. सेंट्रिफ्यूज ५ मिनिटे, मिनिटाला ११०० फेरे. नंतर ६५ अंशांच्या पाण्यात ५ मिनिटे ठेवून वाचन.

फॅटचा थर स्वच्छ पिवळा, पारदर्शक हवा. थराखाली काळे कण दिसले तर आम्ल जास्त तीव्र आहे किंवा दूध भसकन ओतले. पांढरे कण दिसले तर आम्ल सौम्य झाले आहे. बाटलीचे झाकण सैल राहिले की आम्ल हवेतली ओल शोषते आणि पावसाळ्यात हे हमखास होते. वापरलेले आम्ल मोरीत ओतायचे नाही. धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात थोडे थोडे घालून, फेस थांबल्यावर टाकायचे.

डिग्रीसाठी, म्हणजे दुधाची घनता पाहायला, २७ अंशांवर आखलेला लॅक्टोमीटर. दूध त्याहून गरम असेल तर दर अंशाला साधारण ०.२ मिळवायचे, थंड असेल तर वजा करायचे. ताज्या धारेचे दूध लगेच मोजले की डिग्री कमी लागते, कारण त्यात हवा असते आणि स्निग्धांश अजून घट्ट झालेला नसतो. किमान अर्धा तास थांबायचे. गोठ्यावर ‘तुमची डिग्री पडली’ म्हणून होणारी निम्मी भांडणे या अर्ध्या तासाची असतात.

एसएनएफ = डिग्री भागिले ४ + (०.२१ × फॅट) + ०.३६.

एकट्या लॅक्टोमीटरवर विसंबू नये. साय काढली की डिग्री वर जाते, पाणी घातले की खाली येते. दोन्ही केले की काटा बरोबर जागेवर. फॅट आणि डिग्री दोन्ही पाहिल्या की हे लपत नाही : फॅट ४.०, डिग्री ३० असलेल्या दुधाचे एसएनएफ ८.७० येते. त्यात दहा टक्के पाणी धरले तर फॅट ३.६, डिग्री २७ आणि एसएनएफ ७.८७.

रोजच्या आणखी दोन चाचण्या. ५ मिली दूध आणि ५ मिली ६८ टक्के अल्कोहोल एकत्र करायचे. कण दिसले तर दूध आंबट होत चालले आहे, दगडीचे आहे किंवा त्यात चीक मिसळला आहे. मग परीक्षानळीतले दूध उकळून फाटते का पाहायचे. आठवड्यातून एकदा मिथिलीन ब्ल्यू (जंतू जास्त तितका रंग लवकर उडतो) : १० मिली दूध, १ मिली द्रावण, ३७ अंशांचे पाणी. निळा रंग पाच तास टिकला तर उत्तम, तीन-चार तास चांगले, अर्ध्या तासात उडाला तर ते दूध घेण्यालायक नाही. स्टार्चसाठी आयोडीन आणि सोड्यासाठी रोझोलिक आम्ल महिन्यातून दोनदा, न कळवता.

३० मार्च

भावाचा तक्ता. पाया ३.५ फॅट, ८.५ एसएनएफ, लिटरला ४० रुपये. गावच्या डेअरीत सध्या गाईच्या दुधाला तिशीच्या आत भाव मिळतो. फॅटचा किंवा एसएनएफचा प्रत्येक पॉइंट (०.१) वर गेला तर ३० पैसे अधिक, खाली आला तर ३० पैसे उणे. ३.२ फॅट आणि ८.३ एसएनएफ ही गाईच्या दुधाची कायदेशीर किमान मर्यादा, त्याखालचे परत.

उदाहरण : फॅट ३.९, डिग्री २८.५. एसएनएफ ७.१२५ + ०.८१९ + ०.३६ = ८.३०. चार पॉइंट अधिक, दोन उणे, भाव ४०.६०.

मोजमाप वजनावर होते आणि हिशेब लिटरमध्ये, त्यामुळे गुणक आधीच ठरवला : १.०३ किलो म्हणजे १ लिटर. किलोलाच लिटर धरले तर शंभर किलोंमागे तीन लिटर नुसत्या कागदावर वाढतात. काटा वैधमापन विभागाचा शिक्का असलेला, आणि आकडा गोठेवाल्याच्या तोंडासमोर.

सदस्याला ५२ रुपये लिटर. मधले १२ रुपये कुठे जातात (महिन्याला ३,३०० लिटर धरून) : मदतनीसाचा पगार १५,०००, टेंपो ९,०००, जागेचे भाडे ५,०००, बर्फ, वीज आणि रसायने मिळून ६,०००, सांडलवंड आणि नमुन्यांचे दूध दीड टक्का म्हणजे सुमारे २,०००. एकूण ३७,०००. जमा ३९,६००. उरतात लिटरमागे जेमतेम ७९ पैसे. त्यातले ५० पैसे ‘फरक निधी’ म्हणून बाजूला. त्याचा उपयोग मागणी पडेल तेव्हा. उरलेले नफ्यात, आणि नफ्याचा चौथा हिस्सा कायद्याप्रमाणे राखीव निधीत.

सदस्यांनी महिन्याचे पैसे आगाऊ भरायचे. गोठेवाल्यांचा पगार दर दहा दिवसांनी, तिसऱ्या दिवशी खात्यात. दहा दिवसांची रक्कम साधारण ४४,००० होते. आगाऊ पैसे नसतील तर ही रक्कम कोणाच्या तरी खिशातून जाते आणि संस्था एका माणसाची होऊन बसते.

२७ एप्रिल

नोंदणीचे प्रमाणपत्र हाती आले. आता थंड करण्याची सोय. ११० लिटरसाठी बल्क कूलर परवडत नाही, म्हणून २० लिटरचे स्टीलचे कॅन आणि प्रत्येक गोठ्यावर बर्फाच्या पाण्याची टाकी. धार संपली की कॅन गळ्यापर्यंत पाण्यात.

बर्फ किती? २० लिटर दूध ३४ अंशांवरून १० वर आणायला सुमारे साडेपाच किलो बर्फ वितळावा लागतो. उन्हातली गळती धरून कॅनमागे साडेसात किलो, सहा कॅनना ४५ किलो. बर्फ बाहेरूनच लावायचा आहे, त्यामुळे खाण्यासाठी नसलेला निळा बर्फ चालतो. तो दुधात टाकायचा नाही. खाण्याचा बर्फसुद्धा टाकायचा नाही, तेही पाणी घालणेच.

नुसता कॅन पाण्यात ठेवून भागत नाही. कडेचे दूध थंड होते, मधले तासभर कोमटच राहते. दर पाच मिनिटांनी दांड्याच्या चकतीने खालून वर ढवळले की तोच कॅन अर्ध्या वेळात उतरतो. स्टीलचे थर्मामीटर कॅनच्या मध्यावर धरून वाचायचे, कडेला नाही.

२ मे

दूध सुरू. मे निवडला तो मुद्दाम. या उकाड्यात जे दूध सकाळी साडेनऊपर्यंत सदस्याच्या भांड्यात पडून फाटत नाही, ते वर्षभर फाटणार नाही. धार साडेपाच, टेंपो सव्वासहा ते सात, केंद्रावर तपासणी साडेसात, वाटप आठ ते साडेनऊ. केंद्रावर पोचताना चारही गोठ्यांचे तापमान १० ते १३ अंश.

१९ मे

एका गोठ्याच्या दुधाचा निळा रंग पावणेदोन तासांत उडतो, बाकी तिघांचा चार तासांच्या पुढे टिकतो. थंड करण्याची वेळ सारखीच, गाई निरोगी, सड धुतलेले. म्हणजे घाण धारेनंतर मिसळत होती.

कॅन आतून चकचकीत होता. झाकणाचे रबर नखाने उचलले. त्याखालच्या खाचेत फिकट पिवळा, खरबरीत थर होता, बोटाला लागला तर आंबूस वास. हा दूधखडा : कठीण पाण्यातले क्षार आणि दुधातली प्रथिने मिळून बसतो. साबणाच्या पाण्याने तो निघत नाही आणि त्याच्या आड जंतू सुरक्षित राहतात.

धुण्याची नवी पद्धत, चारही ठिकाणी : आधी साध्या कोमट पाण्याने, उकळत्या पाण्याने आधी धुतले तर दूध शिजून पत्र्याला चिकटते. मग धुण्याचा सोडा घातलेले गरम पाणी आणि ब्रश, रबर काढून वेगळे. मग पाणी, शेवटी कडकडीत गरम पाणी किंवा वाफ. कॅन पालथे घालून वाळवायचे, झाकण लावून ठेवायचे नाही. आठवड्यातून एकदा डेअरीसाठी मिळणाऱ्या आम्लयुक्त द्रावणाने दूधखडा काढायचा. रबर दर तीन महिन्यांनी नवे. पुढच्या चाचणीत त्या गोठ्याचा रंग चार तास टिकला.

६ जुलै

१ जुलैपासून राज्यात गाईच्या ३.५/८.५ दुधाला दूध प्रकल्पांनी ३० रुपये द्यायचे आणि शासनाचे ५ रुपये अनुदान थेट शेतकऱ्याच्या खात्यात, असे ठरले आहे. अनुदान मिळते ते सहकारी किंवा खासगी दूध प्रकल्पाला घातलेल्या दुधावर, आपल्याला दिलेल्यावर नाही. गोठेवाल्याच्या दृष्टीने समोर आता ३५ आहेत, आपला फरक पाचावर आला. संध्याकाळचे दूध डेअरीलाच जात असल्याने त्याचे अनुदान बुडत नाही आणि कानातल्या बिल्ल्यांची नोंदही चालू राहते. भाव न वाढवता चौघेही राहिले.

पाऊस लागला तशी एका गोठ्याची फॅट ३.४ आणि एसएनएफ ८.१ वर आले. पाणी घातल्याचा संशय घेण्याआधी गोठा-नमुना घ्यायचा : आपल्या माणसासमोर सगळ्या गाईंची पूर्ण धार, तिथेच एकत्र ढवळून नमुना. तोही ८.१५ आला. म्हणजे पाणी नाही, चारा. कोवळे ओले गवत पोटभर आणि सुका चारा जवळजवळ बंद. चोथा कमी पडला की फॅट पडते, ऊर्जा कमी पडली की एसएनएफ. ओल्या चाऱ्याबरोबर रोज गाईमागे चार-पाच किलो सुका चारा आणि मक्याचा भरडा वाढवायला सांगितले. तोवर नियमाप्रमाणे त्याचे दूध परत, पण ते डेअरीला गेले.

नमुना न घेता ‘पाणी घातले’ असा शब्द कोणीही उच्चारायचा नाही, हे लेखी केले. पिढ्यान्‌पिढ्या दूध घालणाऱ्या माणसाला तो आरोप फार लागतो.

११ ऑगस्ट

तक्रार : शेवटच्या इमारतीतल्या सदस्यांना दूध पातळ लागते, साय येत नाही. सकाळच्या तपासणीत सगळे ठीक.

कॅन वाटपाच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी तपासला. पहिल्या मापात फॅट ५.१, मधल्यात ३.७, तळाच्या दोन लिटरांत २.६. दूध एकजीव केलेले नसल्याने अर्ध्या तासात स्निग्धांश वर येतो. माप वरून बुडते, त्यामुळे पहिल्या इमारतीला साय आणि शेवटच्या इमारतीला तळ.

उपाय साधा. दर दहा मापांनंतर चकतीने तळापासून सात-आठ वेळा ढवळायचे, कॅन हलवून नाही, हलवल्याने लोणी सुटते. लांब दांड्याचे माप तळापर्यंत न्यायचे. पुन्हा तपासले, तिन्ही नमुने ३.८ ते ४.० मध्ये.

१४ सप्टेंबर

दोन दिवस बऱ्याच घरांत दही लागले नाही. दूध गोड, उकळून फाटत नाही, वास चांगला. जंतू कमी म्हणून दही लागत नाही, असे नसते. विरजणातले जंतू मरत असतील तर दुधात प्रतिजैविक असण्याची शक्यता जास्त.

चारही गोठ्यांच्या उकळून कोमट केलेल्या दुधाला एकच विरजण लावले. तिघांचे सहा तासांत लागले, एकाचे लागले नाही. तिथे एका गाईला दगडीसाठी सडात ट्यूब सोडली होती, पण दूध फक्त त्या एका सडाचे बाजूला काढत होते. औषध रक्तातून बाकीच्या तीन सडांतही उतरते.

नियम : औषध दिलेल्या गाईच्या पायाला लाल पट्टी, गोठ्यातल्या फळ्यावर औषधाचे नाव आणि तारीख. चारही सडांचे दूध वेगळे. वेष्टनावर लिहिलेला काळ पाळायचा, लिहिला नसेल तर शेवटच्या मात्रेनंतर किमान सात दिवस. या दुधाचा निम्मा भाव संस्था देणार. पूर्ण नुकसान गोठेवाल्यावर टाकले तर गाय आजारी आहे हे तो सांगणारच नाही.

१२ ऑक्टोबर

कोजागरी १६ ला, वसुबारस २८ ला. आधी मागणी फुगणार, मग कोसळणार. कोजागरीसाठी नोंदणी आठ दिवस आधी घेतली, १७० लिटर. वाढीव ६० लिटर दोन गोठ्यांच्या १५ तारखेच्या संध्याकाळच्या धारेतून, रात्रभर बर्फात ४ ते ५ अंशांवर. डेअरीला आधी कळवले. हे दूध वेगळ्या कॅनमध्ये ठेवायचे आणि आधी वाटायचे, सकाळच्या कोमट दुधात मिसळायचे नाही.

२८ ऑक्टोबरपासून आठ दिवस मागणी ६० लिटरवर येईल. उरणारे रोजचे ५० लिटर गोठेवाले डेअरीला घालतील. १ ऑक्टोबरपासून तिथे २८ रुपये आणि ७ रुपये अनुदान. अनुदान उशिरा येते, म्हणून फरक निधीतून आत्ताच लिटरला १२ रुपये द्यायचे, अनुदान जमा झाल्यावर ७ परत घ्यायचे. ४०० लिटरांचे ४,८००, त्यातले २,८०० परत. निधीत मेपासून ९,००० च्या वर जमा आहे.

९ नोव्हेंबर

दिवाळीचा फरक चुकता झाला. एकाही गोठ्याने दूध कमी केलेले नाही.

थंडीत दूध वाढते, चौघांकडे मिळून रोज वीस-पंचवीस लिटर जास्त होईल. नव्या सदस्यांची यादी तयार आहे, पण त्यांना प्रवेश द्यायचा तो उन्हाळ्यातल्या दुधाचा आकडा धरून, आजच्या आकड्यावर नाही. मार्चनंतर दोन गोठ्यांतल्या निम्म्या गाई आटवायच्या आहेत. तोवर पाचव्या गोठ्यातल्या गाईंची वेते मागेपुढे झाली असतील तर तो जोडता येईल. त्याच्या कालवडींची ब्रुसेलाची लस राहिली आहे, ती पुढच्या फेरीत घ्यायला सांगितले. म्हशीच्या दुधासाठी जांबवड्याच्या गोठ्यातून १५ तारखेपासून रोजचे नमुने, पाया ६.०/९.०, महिनाभर फक्त नोंद.